मधल्या पट्ट्या बंद असलेला पियानो

बेळगावात हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याला कामाचा तोटा नाही. पं. रामभाऊ विजापुरे यांचं हे गाव. घरटी पेटी नसली तरी गल्लीत एखादी असतेच. पियानो मात्र कॅम्पातल्या जुन्या इमारतींत आणि दोन-चार बंगल्यांत उरलेत. ते सुरात लावायचं काम फिरून फिरून माझ्याकडे येतं. गेल्या पावसाळ्यात असंच एक बोलावणं आलं. एका संस्थेच्या सभागृहात संध्याकाळी एका दिवंगत शिक्षिकेच्या स्मरणाचा कार्यक्रम होता आणि त्यात पियानो वाजायचा होता.

पियानो खिडकीखाली ठेवलेला. आषाढाची झड थेट त्याच्या अंगावर. मध्य 'सा'पासून खाली दीडेक सप्तक पट्ट्या दाबल्या की तिथंच बसायच्या, वर येईनात. झाकण काढून पाहिलं तर हातोड्यांच्या पिना गंजलेल्या, फेल्टला कसर लागलेली, लाकूड फुगलेलं. हे काम दिवसभरात होणारं नव्हतं. शेजारी उभ्या शिपायानं माझ्या तोंडाकडे बघून निकाल दिला, "आगंगिल्ल री." म्हणजे होणार नाही.

वाजवणारी मुलगी मडगावची, इथं डॉक्टरी शिकायला आलेली. ती रडकुंडीला येईल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "काका, चालतात कुठल्या?" म्हटलं, खर्जातल्या चालतात आणि वरच्या चालतात. थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "मग आर्वो पॅर्ट वाजवते."

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. पॅर्ट एस्टोनियाचे संगीतकार, जन्म 1935 चा. लहानपणी राक्वेरे गावात त्यांच्या घरी जो पियानो होता त्याच्या मधल्या पट्ट्या धड नव्हत्या, म्हणून पोरगा वरच्या आणि खालच्या सुरांशीच खेळत बसायचा. हे ती सांगत होती तेव्हा माझा हात त्या अडकलेल्या पट्ट्यांवरच होता.

तिनं कागद काढला. 1976 सालची रचना, नाव 'फ्यूर अलिना', जेमतेम दोन पानांची. ताल नाही, मात्रांचा हिशेब नाही. काळे ठिपके आखूड सुरांचे, पांढरे लांबवायच्या सुरांचे. पहिल्या ओळी दोन-तीन सुरांच्या, मग एकेक सूर वाढत आठापर्यंत जातो आणि तसाच उतरतो. उजवा हात धून घेऊन वर-खाली चालतो, डावा हात त्याच्या प्रत्येक सुराखाली ठरलेल्या तीन सुरांपैकी एक ठेवतो. मी आपल्या हिशेबानं लावून पाहिलं. पांढरी सातचा, म्हणजे सातव्या पांढऱ्या पट्टीचा सा, कोमल गंधार आणि पंचम. बस्स. उजव्या हाताचे सूर आसावरी थाटातले. डावा हात सबंध रचनेत एकदाच घर सोडून रिषभावर जातो, आणि त्या जागी पॅर्टनी कागदावर चक्क फूल काढलंय. मला ते भावलं. इतक्या थोड्या सुरांत एक पाऊल बाहेर पडलं तर त्याची दखल घ्यायलाच हवी, हे आपल्याकडचा कुठलाही रागदारीवाला मान्य करेल.

मग कामाला लागलो. वरच्या प्रत्येक पट्टीला तीन तारा असतात. दोन तारा फेल्टच्या पाचरीनं बंद करायच्या, एक लावायची, मग बाकीच्या एकेक तिच्याशी जुळवायच्या. दोन तारा जवळ आल्या की आवाजात लाटा उठतात. पाना केसभर सरकवत गेलं की लाटा लांबतात, लांबतात आणि एका क्षणी थांबतात. एरवी घाईच्या वाजवण्यात थोडी कसर खपून जाते. इथं पायातला पेडल दाबून धरायचा असतो. डॅम्पर उचललेले, तारा मोकळ्या, आणि एक सूर वाजला की तरफेच्या तारांसारख्या बाकीच्या आपोआप बोलतात. खोटी तार लगेच उघडी पडते. पियानोत पंचम शुद्धापेक्षा दोन सेंट उतरलेला ठेवतात; सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. त्या दिवशी मी तो तंबोऱ्यावर लावतात तसा शुद्ध लावला. गंधारही शुद्ध करायचा मोह झाला, पण तो सोळा सेंट चढवावा लागतो आणि मग उजव्या हाताची पायरी वेडीवाकडी पडली असती. तो होता तसाच ठेवला.

मी लावत होतो आणि ती बाजूला बसून सांगत होती. पॅर्ट सुरुवातीला रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करत, आधुनिक पाश्चात्त्य पद्धतीच्या कर्कश, गुंतागुंतीच्या रचना लिहीत. 1968 मध्ये 'क्रेडो' या रचनेत त्यांनी येशूवरची श्रद्धा उघड मांडली. सोव्हिएत राज्यात ते चालणारं नव्हतं. रचना बंद पडली. त्यानंतर आठेक वर्षं त्यांनी फार थोडं लिहिलं. चर्चमधली एकाच सुरावटीत गायची जुनी स्तोत्रं अभ्यासत राहिले. त्यातून हे तीन सुरांचं घर सापडलं. 1980 मध्ये देश सोडावा लागला, आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. 1984 च्या 'ताबुला रासा' या ध्वनिमुद्रिकेनं ते जगभर पोचले. पुढे हयात संगीतकारांत सर्वांत जास्त वाजवले जाणारे म्हणून वर्षानुवर्षं त्यांचंच नाव येत राहिलं. काही जण या संगीताला सोपं म्हणतात. मला ते पटत नाही. आठ वर्षं कमी करत करत जो तीन सुरांवर येतो, त्याला प्रत्येक सुराची किंमत कळलेली असते.

अलिना ही ओळखीच्या घरातली मुलगी. आईवडील वेगळे झाले, ती इंग्लंडला, आई एस्टोनियात. ही रचना त्या आईच्या सांत्वनासाठी.

संध्याकाळी सभागृहात मराठी, कानडी, कोकणी बोलणारी माणसं होती. रचना संपली तरी टाळ्या लगेच आल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी वाजवणाऱ्या मुलीला जवळ बोलावून विचारलं, "तुझी आई कुठं असते गं?"

घरी येऊन मी ती रचना पेटीवर वाजवून पाहिली. जमत नाही. भाता चालू आहे तोवर पेटीचा सूर सपाट उभा राहतो, आणि पॅर्टना विरत जाणारा सूर हवा असतो.

पियानोच्या मधल्या पट्ट्या दिवाळीपर्यंत झाल्या. नव्या पिना, नवं फेल्ट, आणि पियानो खिडकीपासून हलवायला लावला. आता त्या मुलीला पॅर्टचंच 'श्पीगल इम श्पीगल' करायचंय, 1978 चं, पियानो आणि व्हायोलिनसाठी. त्यात मधलं सप्तक सारखं लागतं. व्हायोलिनला इथल्याच शहापूर भागातला आमचा एक मित्र तयार झालाय, आयुष्यभर भजनात वाजवलेला. त्याला एवढंच बजावलंय की सूर लांब आणि सरळ ठेवायचा, मींड घ्यायची नाही.