टीएसएच वाढलाय? डोस बदलण्याआधी रिपोर्ट असा वाचा

रिपोर्टवरचा एक ठळक आकडा पाहून मनानेच थायरॉइडची गोळी वाढवू नका, बंदही करू नका.

टीएसएच हा थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीतून येतो. गळ्यातली थायरॉइड मंदावली की पिट्युइटरी जास्त टीएसएच सोडते. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड कमी. मोठ्या माणसांत तो साधारण 0.4 ते 4 असावा, पण प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते, तीच धरा. सोबत फ्री टी4 हवाच, म्हणजे रक्तात मोकळा असलेला थायरॉइडचा हार्मोन. नुसत्या टोटल टी3-टी4 वर (मोकळे आणि प्रथिनांना चिकटलेले हार्मोन मिळून) भिस्त ठेवू नका; गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांमुळे ते आकडे फुगतात.

टीएसएच 4 ते 10 च्या मध्ये आणि फ्री टी4 नॉर्मल असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, अँटी-टीपीओसह (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करतंय का, हे पाहणारी रक्ततपासणी). 10 च्या वर असेल तर डॉक्टर बहुधा गोळी सुरू करतात. टीएसएच कमी आणि फ्री टी4 जास्त असेल, तर थायरॉइड जास्त चालतेय किंवा डोस जास्त होतोय. दोन्ही कमी असतील तर तज्ज्ञांनाच दाखवा.

टीएसएच जास्त, पण फ्री टी4 वरच्या टोकाला? असा रिपोर्ट बऱ्याचदा गोळ्या चुकवून तपासणीआधी चार दिवस नेमाने घेणाऱ्यांचा असतो. फ्री टी4 लगेच चढतो, टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत तपासणी केली तर पैसे वाया.

रक्त दरवेळी सकाळी एकाच सुमारास द्या, त्या दिवशीची गोळी नंतर घ्या. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर दोन दिवस आधी थांबवा, त्याने आकडे खोटे येतात.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोह-कॅल्शियम चार तासांनी.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 कडे जातो. पत्र्याच्या खोलीत, फ्रिजच्या डोक्यावर किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्या गोळीची ताकद उतरते, मग डोस तोच असूनही टीएसएच चढतो. बाटलीवर लिहिलेलं तापमान पाहा. घट्ट झाकण लावून घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कपाटात ठेवा.

दिवस राहिले असतील तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गरोदरपणात मर्यादा वेगळ्या असतात, चालू डोसही बहुधा वाढवावा लागतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.