आमची वाटचाल: देखण्या कोयत्यापासून काळ्या कोयत्यापर्यंत

सुरुवातीला आम्ही कोयते बनवत नव्हतो, दुसऱ्यांनी बनवलेले विकत होतो. आवार साफ करायला मोठ्या पात्याचा, आरशासारखा चमकणारा आणि खिशाला परवडणारा कोयता म्हटल्यावर गिऱ्हाईक हातात धरायचं आणि घेऊनच जायचं. महिन्याभरात काही परत आले. त्यातला एक अजून माझ्या टेबलावर आहे. मुठीच्या तोंडाशीच मोडलेला. मूठ फोडून पाहिली, तर आत शिरलेलं पात्याचं शेपूट जेमतेम दोन बोटं लांब आणि करंगळीएवढं रुंद. घाव घालताना पातं उडालं होतं. कुणाला लागलं नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

मग स्वतः बनवायचं ठरवलं. गाड्यांच्या कमानपाट्यांचं पोलाद घेतलं. त्यात कार्बन साधारण ०.६ टक्के असतो, त्यामुळे ते धारही धरतं आणि दणकाही सोसतं. तरीही आमची पहिली खेप फसली. सुक्या लाकडाच्या गाठीवर घाव बसला की धारेचे तुकडे उडायचे. दोष पोलादाचा नव्हता, आमच्या घाईचा होता. लालबुंद पातं तेलात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. ते पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. घासलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा रंग चढतो. आम्ही धार जांभळी होताच थांबतो, पाठ मात्र निळी होऊ देतो. हा रंग ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. आमचा व्हायला वर्ष गेलं.

किंमत आवाक्यात ठेवायची, तर काटछाट कुठे करायची? आम्ही चकाकी सोडली. पात्यावर भट्टीचा काळा थर तसाच राहतो, वरून तेलाचा हात. मूठ साध्या लाकडाची. पण शेपूट मुठीच्या टोकापर्यंत, मुठीएवढंच रुंद आणि तीन रिबिटांनी पक्कं केलेलं. यात कधीच तडजोड केली नाही.

विकताना पहिला प्रश्न एकच असतो: तोडायचंय काय? गवत आणि कोवळे फुटवे असतील, तर दोन मिलिमीटर जाडीचं, १८ इंची हलकं पातं. मनगटाएवढ्या फांद्या असतील, तर बारा इंची, पाच मिलिमीटर जाड आणि पुढे वजन असलेलं. लोकांना मोठं ते चांगलं वाटतं, पण लांब आणि जाड पातं अर्ध्या तासात खांदा भरून आणतं. दुसरीकडून घेणार असाल, तरी मूठ नीट बघा. धारेवर कानस हलकेच फिरवून बघा. लोण्यासारखी रुतली तर पात्याला पाणीच दिलेलं नाही, म्हणजे तापवून-बुडवून ते कडक केलेलंच नाही; काचेवरून सरकावी तशी सरकली तर ते ठिसूळ असू शकतं. थोडी अडखळत चावली, तर निर्धास्त घ्या.

आता प्रत्येक पातं बाहेर पडण्याआधी सुक्या, गाठीच्या ओंडक्यावर दहा घाव खातं. धार दुमडली किंवा तुटली की ते परत भट्टीकडे. आज सकाळी अशी चार बाजूला काढली.