छाटणी

आज निफाडला मामांच्या द्राक्षबागेत गोडी छाटणी चालू होती. सकाळी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला होता, ‘आपल्याकडे छाटणी होणार म्हणे’. पोटात गोळा घेऊनच बागेत गेलो.

मामांना म्हटलं, आमच्याकडेही छाटणी आहे. ते कात्री न थांबवता म्हणाले, “कुठली? खरड की गोडी?”

एप्रिलची ती खरड छाटणी. जुनी काडी एक-दोन डोळ्यांवर (डोळा म्हणजे काडीवरची फुटीची जागा) कापतात, फळ धरायचं नसतं, नवी काडी तयार करायची असते. ऑक्टोबरची ती गोडी, घडांसाठी. त्यानंतर चारेक महिन्यांनी माल. कापायचं ते डोळा बघून, मग राहिलेल्या डोळ्यांना फूट यावी म्हणून पेस्ट लावायची. मला तर सगळ्या काड्या सारख्याच दिसत होत्या.

पाण्याची, पगाराची, नोकऱ्यांची होते ती कपात. बजेटला लावतात ती काटछाट. अर्जांची छाननी, तिला लोक खुशाल छाटणी म्हणतात! पण नोकऱ्यांना हा बागेतला शब्द कुणी चिकटवला कोण जाणे. तिथे डोळा बघतं कोण?

“खरड असावी,” मी म्हटलं.

“मग पाणी देताहेत का?” मामांनी विचारलं.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या.