चंद्रकळेच्या दुमडीतला रंग

जानेवारीत आमचं कापड रंगवायचं निळीचं पीप आळसावतं. सोलापूरची थंडी माणसाला फारशी जाणवत नाही, पण पिपात जे आंबत असतं त्याला ती बाधते. नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं बी एवढाच आमचा मसाला. टाकळा म्हणजे पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तोच. मामा रोज सकाळी झाकण काढून आधी वास घेतात, मग काठी फिरवतात. वर निळा फेस, त्याभोवती तांबूस चमकणारा तवंग आणि खाली हिरवट पिवळं पाणी असं दिसलं, की म्हणतात, "जागं आहे." त्या सकाळी काही बोललेच नाहीत. पिपाला गोणपाट गुंडाळलं आणि गूळ फोडायला बसले.

तेवढ्यात त्या बाई आल्या. आदल्या दिवशी फोनवर बोलणं झालं होतं. आजेसासूबाईंची नऊवारी काळी चंद्रकळा आहे, विटली आहे, सुनेची पहिली संक्रांत आठ दिवसांवर आली आहे, रंग चढवून द्याल का? मी लगेच हो म्हटलं होतं. विटलेल्या काळ्यावर काळा टॉप मारायचा, म्हणजे वरून काळा रंग चढवायचा, यात विचार करण्यासारखं काही नाही असंच मला वाटलं होतं. साडी ताब्यात घेताना नमुन्यांच्या वहीत मी नोंदही केली: चंद्रकळा, सुती अंग, रेशमी लाल काठ, रंग काळा.

साडी टेबलावर पसरली आणि हाताला काहीतरी वेगळं लागलं. कापड मऊ होतं, आणि धड होतं. जुना काळा सहसा असा सापडत नाही. हिरडा आणि लोखंडाच्या पाण्याने केलेला काळा दिसतो फार खोल, पण त्यातलं लोखंड वर्षानुवर्षं सूत खात राहतं. अशी जुनी कापडं घडीवर तडकतात, कधी बोटाखाली भुगा होतात. इथे मात्र एक धागाही कुजलेला नव्हता. रंग गेला होता तो घासल्याने. निऱ्यांच्या घड्या, काष्ट्याची जागा, कमरेचा पट्टा, तेवढाच भाग फिकट. ओला पांढरा कापूस मी एका कोपऱ्यावर हलकेच दाबून फिरवला. कापूस निळा झाला.

मी मामांना हाक मारली. त्यांनी पदराच्या टोकाची दुमड उलटून दाराशी उन्हात धरली. दुमडीच्या आत ऊनवारा पोचलेला नव्हता. सावलीत तो भाग काळा दिसत होता, उन्हात धरला की काळ्याच्या आतून निळा येत होता.

"ही नीळ आहे. वर दुसरं काही नाही. बुडीवर बुडी दिलीय," मामा म्हणाले.

मामा निराळी समाजाचे. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत निराळी म्हणजे निळीचं रंगकाम करणारे अशी नोंद आहे. मामांच्या आजोबांपर्यंत घरात तेच काम होतं. त्यांचं म्हणणं मला पुरेसं होतं, पण दुसऱ्याच्या घरातल्या चार पिढ्यांच्या वस्तूचा निर्णय नुसत्या नजरेवर घेणं बरं नव्हे. बाईंना विचारून मी दुमडीच्या आतली चार सुतं काढली.

ही चाचणी सोपी आहे. परीक्षानळीत एक सूत, थोडं कॉस्टिक सोड्याचं पाणी, चिमूटभर हायड्रॉस, म्हणजे निळीचा निळेपणा काढून घेणारी पूड, आणि नळी कोमट पाण्यात धरायची. सूत बघता बघता फिकटलं, पाणी पिवळट झालं. मग त्यावर इथाइल अ‍ॅसिटेट हा द्रावक घालून नळी हलवली. दोन थर वेगळे झाले आणि वरचा थर निळा झाला. गढूळ नाही, स्वच्छ निळा. म्हणजे नीळच.

बाई माझ्या खांद्यामागून बघत होत्या. "म्हणजे आम्ही जिला काळी म्हणत आलो, ती निळी?"

"अगदी गडद निळी. जुन्या चंद्रकळा अशाच रंगवायचे."

"पण नीळ म्हणजे ती धोब्याची ना, पांढऱ्या कपड्यांना देतात ती?"

हा घोळ घरोघरी आहे. आपण धुण्यात घालत आलो ती निळी पूड बहुतेक वेळा अल्ट्रामरीन असते, म्हणजे खनिजासारखं रंगद्रव्य, कारखान्यात बनवलेलं. तिचा निळीच्या झाडाशी संबंध नाही. पिपातली नीळ शेंगावर्गातल्या एका एक-दोन मीटर वाढणाऱ्या झुडपाच्या पानांतून येते. पानं मात्र हिरवीच असतात. त्यांत निळा रंग नसतो, तो होण्याची सामग्री असते. पानं पाण्यात आंबवायची, ते पाणी घुसळून त्यात हवा मिसळायची, मग निळा गाळ तळाशी बसतो. तो वाळवला की नीळ. ही नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून पुन्हा पिपात आंबवून तिचा निळेपणा काढून घ्यावा लागतो. तेव्हाच ती सुतात शिरते, आणि हवा लागली की तिथेच परत निळी होते.

बाई एकदम म्हणाल्या, "मी अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी फळ्यावर 'तीनकठिया' लिहायचे. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावायची सक्ती. 1917, चंपारण, राजकुमार शुक्ल गांधीजींना घेऊन गेले. मुलं विचारायची, बाई, नीळ कशी असते? मी म्हणायचे, एक झाड असतं." आणि त्या गप्प झाल्या.

मग मी त्यांना वर्गात क्वचितच सांगितला जाणारा भाग सांगितला. 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली. रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी या रंगाच्या रचनेवर आधी अनेक वर्षं काम केलं होतं. त्यांना 1905 मध्ये नोबेल मिळालं. कारखान्याची नीळ स्वस्त आली आणि शेतातली कोसळली. चंपारणच्या रयतेची तेव्हा सुटका व्हायला हवी होती. झालं उलटं. आता नीळ लावू नका, पण त्या सक्तीतून सुटायचं तर वाढीव खंड द्या, असं मळेवाल्यांनी सांगितलं. त्या वाढीला शरहबेशी म्हणत, आणि एकरकमी उकळलेल्या पैशाला तावान. नको असलेलं पीक लावण्यासाठी छळ सोसायचा आणि ते न लावण्यासाठी पैसेही मोजायचे. या दोन शब्दांपाशी माझा दरवेळी संताप होतो, त्याही दिवशी झाला. 1918 च्या कायद्याने तीनकठिया संपली, पण तोवर कितीतरी घरं कर्जात गेली होती.

"मग ही साडी शेतातल्या निळीची की कारखान्यातल्या?" बाईंनी विचारलं.

ते माझी परीक्षानळी सांगू शकत नाही. रेणू एकच आहे. साडी 1930 च्या आसपासची असेल असं त्यांचे घरचे म्हणतात. तसं असेल तर कारखान्यातली असण्याची शक्यता जास्त. हे ऐकून त्या थोड्या हिरमुसल्या. मला मात्र त्याने काही कमी वाटलं नाही. बुडवणारे हात तेच होते.

आता रंगवायचं कसं, हा खरा प्रश्न. पिपात घालणं शक्यच नव्हतं. पिपातलं पाणी रंग देतं तसं घेतंही, त्यात जुनी नीळ सुटून उतरली असती. चुन्याच्या पाण्यात रेशमी काठाचं काय झालं असतं ते वेगळंच. रासायनिक काळा टॉप मारता आला असता, तोच तर मी फोनवर कबूल केला होता. साडी एकसारखी काळीभोर झाली असती, कोणी नावही ठेवलं नसतं, आणि त्याखालची नीळ पुन्हा कुणालाच दिसली नसती. मी बाईंना म्हटलं, "माझं चुकलं. न बघता हो म्हणायला नको होतं. ही मी रंगवणार नाही."

त्यांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, "सुनेला मी शब्द दिलाय."

मामांनी आतून एक कोरी सुती सहावारी आणली, खळ काढलेली. पीप दुपारी जागं झालं होतं. साडी ओली करून मामांनी ती पाण्याखाली अलगद फिरवली, वर बुडबुडा येऊ न देता. बाहेर काढली तेव्हा ती हिरवी होती, कैरीच्या सालीसारखी. बाई जवळ आल्या. दांडीवर टाकल्यावर कडांपासून रंग बदलू लागला. मिनिटभरात साडीवर एकाच वेळी हिरवा, मोरपिशी आणि निळा दिसत होता. बाईंनी न राहवून दोन्ही हातांनी पदर धरला. मी हातमोजे द्यायला धावले, पण उशीर झाला होता.

"राहू द्या. रंग किती दिवस राहतो?"

"नखांत आठवडाभर."

"मग संक्रांतीपर्यंत राहील."

त्या दिवशी चार बुड्या झाल्या. त्यानंतर पिपाला विसावा द्यावा लागतो, नाहीतर रंग नुसता वर बसतो आणि धुण्यात निघतो. पुढचे तीन दिवस मामा रोज थोडं थोडं देत गेले. दहाव्या बुडीला मला वाटलं झालं. मामांनी जुन्या साडीची दुमड शेजारी धरली आणि मान हलवली. चौदाव्या बुडीला ते थांबले. लाल काठ बाईंनी बाजारातून आणून वेगळा शिवून घेतला.

जुनी चंद्रकळा चौदाव्या बुडीच्या संध्याकाळी परत दिली, घडी न करता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून, वर धुतलेलं कोरं मांजरपाट. चारपैकी तीन सुतं चाचण्यांत गेली होती. चौथं मी नमुन्यांच्या वहीत त्या नोंदीशेजारी चिकटवलं, 'रंग काळा' मधला 'काळा' खोडला आणि तिथे 'नीळ' लिहिलं.