तुम्ही विचारलंत म्हणून: चिमणी की चकली?

बालवाडीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी बडोद्याच्या दांडिया बाजारात भाजी घेताना कुणीतरी गाठतंच. "ताई, आमची आता दोन वर्षांची होईल. 'मी कोण' हे तिला कळेल आणि मैत्री शिकेल असं एखादं चित्रांचं पुस्तक सांगा ना. आणि मराठीतलं घेऊ की गुजरातीतलं?" पिशवीतली मेथी मान टाकेपर्यंत मी बोलत राहते, तरी उत्तर अर्धंच होतं. म्हणून एकदा बसून लिहून काढते.

आधी 'मी कोण'. या वयात 'मी' नुकता कुठे सापडत असतो. १९७२ मध्ये ब्यूला ॲम्स्टरडॅम या अमेरिकन संशोधक बाईंनी लहान मुलांच्या नाकाला हळूच रंगाचा ठिपका लावून त्यांना आरशापुढे आणलं. छोटी बाळं आरशातल्या बाळाशी खेळायला जातात. साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान कधीतरी हात आरशाकडे न जाता स्वतःच्या नाकाकडे जातो. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. काजळाची तीट लावून हा प्रयोग आपल्या घराघरांत चाललेलाच आहे, निकाल तेवढा कुणी लिहून ठेवला नाही. माझी नात कितीतरी दिवस आरशातल्या तिटेला बोट लावायची. एका सकाळी तिने आरसा सोडून गाल पुसला. तीट कानापर्यंत फरफटली आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लपवून ठेवलं होतं.

तेव्हा या वयाचं 'मी'चं पुस्तक म्हणजे नाक, पाय, बेंबी, चप्पल, आजीचा चष्मा. 'मी किती वेगळा, मी किती खास' असली वाक्यं आईबाबांसाठी असतात, मुलाच्या डोक्यावरून जातात. आणि चित्रातलं घर जरा आपल्या घरासारखं दिसू द्या. मागे कुणीतरी नातीला परदेशी पुस्तक दिलं. गुळगुळीत, महागडं. त्यात बर्फाचा माणूस होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "श्रीखंड."

आता मैत्री. इथे मला जरा ठासून सांगायचंय. दोन वर्षांच्या मुलाला 'वाटून घ्यावं' शिकवणारं पुस्तक आणू नका. बालवाडीत सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः हा गाढवपणा केलाय: दोघांना समोरासमोर उभं करायचं, "सॉरी म्हण, हात मिळव, दोस्त दोस्त". ती बिचारी हात मिळवायची आणि तोच हात पुन्हा त्याच चेंडूवर.

एकदा सांगलीहून आलेल्या एक आजी नातवाला सोडायला आल्या होत्या. शेजारच्या गुजराती मुलाने लाकडी गाडी छातीशी धरून "मारुं! मारुं!" म्हणून गळा काढला. आजी घाबरल्या. "अहो बाई, बघा ना, मारू म्हणतोय!" मारुं म्हणजे 'माझं' हे त्यांना समजावेपर्यंत त्यांचा नातू "माझं! माझं!" करत गाडीचं दुसरं टोक ओढत होता. भाषा दोन, मुद्दा एकच. दोन वर्षांच्या मुलाला 'माझं' म्हणता आलं की 'मी' पक्का होतो. तो पक्का व्हायच्या आत 'तुझं' कुठून येणार?

मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांचा खेळ पाहून लिहिलं, त्यात एक प्रकार आहे शेजारी-शेजारी खेळण्याचा. दोघं एकाच वाळूत बसतात, सारखीच खेळणी हाताळतात, पण खेळ मात्र ज्याचा त्याचा. आईबाबांना वाटतं जमत नाहीये. अहो, ह्या वयात हेच जमणं! गुजरातीत मित्राला भाईबंध म्हणतात. आपल्याकडे भाऊबंद म्हटलं की सातबारा आणि कोर्टाची तारीख डोळ्यांपुढे येते. दोन वर्षांची मुलं दोन्ही अर्थांनी भाईबंध असतात, आणि तेही एकाच दुपारी. म्हणून मैत्रीचं पुस्तक निवडताना बघा, चित्रात दोघं नुसती जवळजवळ बसली आहेत का? एकजण रडतोय आणि दुसरा बघतोय, एवढं आहे का? पुरे. शेवटच्या पानावर तात्पर्य असेल तर परत ठेवून द्या.

राहिली भाषा. नात गॅलरीतल्या चिमणीला 'चकली' म्हणायला लागली तेव्हा माझ्या जावेला वाटलं पोरीला भूक लागली. गुजरातीत चिमणीला चकली म्हणतात. शेजारच्या बा, म्हणजे गुजराती आजी, तिला चका-चकीची गोष्ट सांगतात: चकीने आणला तांदळाचा दाणा, चक्याने मुगाचा, दोघांनी मिळून खिचडी रांधली. मी सांगते आपली मेणाच्या घरातली चिमणी, जी भिजलेल्या कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवते, 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते'. सोबतीने रांधणारी बांच्या घरची, दार न उघडणारी आमच्या घरची. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मग आठवलं, ती खिचडी पुढे चका एकटाच फस्त करतो.

तेव्हा मराठी की गुजराती हा प्रश्न मुलाचा नाही, आपला आहे. चित्र एकच ठेवा, घरात जो ज्या भाषेत बोलतो त्याने त्या भाषेत वाचावं. तूलिका प्रकाशनाची पुस्तकं मराठीतही मिळतात, गुजरातीतही. ज्योत्स्ना प्रकाशनाकडे लहानांसाठी चांगली मराठी चित्रपुस्तकं आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचे ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणून राज्यात वाचनालयं उभी केली, त्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत दोन्ही भाषा एका छपराखाली नांदताहेत. आपल्या घरात का नांदू नयेत? फक्त लायब्ररीचं पुस्तक या वयाच्या हाती देऊ नका. ते आधी चावलं जातं, मग वाचलं जातं.

आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त चाललेलं पुस्तक मी घरी केलेलं आहे. लीला चेवड्याच्या (म्हणजे इथल्या हिरव्या चिवड्याच्या) खोक्यांचा पुठ्ठा, तळहाताएवढी आठ पानं, कोपरे कात्रीने गोल केलेले, दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवलेलं. त्यावर फोटो चिकटवून वरून रुंद चिकटपट्टी, म्हणजे लाळ पुसता येते. पहिल्या पानावर ती. मग तिची चप्पल, आजोबांची काठी, कमाटीबागेतली छोटी आगगाडी, दूधवाले काका, जे तिला 'छकुलीबेन' म्हणतात आणि ज्यांच्यामुळे ती स्वतःचं नाव आता तेच सांगते. सहाव्या पानावर शेजारचा बांचा नातू, नाक वाहतंय अशा अवस्थेत.

तो पहिल्यांदा ते पान बघून "आ हुं!" म्हणून ओरडला. हिने लगेच पान उलटून पहिलं पान काढलं, "ही मी!" दहा-बारा वेळा हेच. त्याच्या आईने पुस्तक दोन दिवस मागितलं, तर हिने ते पोटाखाली घेऊन लोळण घेतली. माझं! शेवटी मी त्याला दुसरं करून दिलं. त्यात पहिल्या पानावर तो आहे आणि ही सहाव्या. तिला ते अजून पटलेलं नाही.