पाटणादेवीचा पाऊस आणि वॉटरप्रूफ लेदर बूट

श्रावण लागला की जळगाव-भुसावळकडची ट्रेकर मंडळी रात्रीची गाडी धरून इगतपुरी-कसाऱ्याकडे पळतात, आणि इकडे आपल्याच खान्देशात चाळीसगावपासून १८-२० किलोमीटरवर पाटणादेवीचं जंगल हिरवंगार झालेलं असतं, डोंगरावरून धबधबे सुटलेले असतात, आणि सुट्टीचा दिवस सोडला तर गर्दी म्हणावी अशी नसते. गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचा हा खालचा भाग, वर चढलं की पितळखोऱ्याची लेणी, बाजूला कन्हेरगड, मध्ये केदारकुंड आणि धवलतीर्थ. पावसाळ्यात एकदा तरी जाऊन याच असं मी सगळ्यांना सांगत असतो.

यावेळी मात्र जातांना लक्ष सगळं पायाकडे होतं. फुल ग्रेन लेदरचे (म्हणजे वरचा थर न घासलेल्या चामड्याचे) बूट, आतून वॉटरप्रूफ मेंब्रेन म्हणजे पाणी अडवणारा पातळ पडदा, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, जोडीचं वजन सव्वा किलोच्या पुढे. हिवाळ्यात हेच बूट तोरणमाळला आणि लळिंगच्या किल्ल्यावर झकास चालले होते, पण तिथं तेव्हा पाणी कुठे, त्यामुळे वॉटरप्रूफ म्हणजे नेमकं किती हे बघायचं राहूनच गेलं होतं. दर पावसाळ्याच्या तोंडावर ओळखीतलं कोणीतरी विचारतंच की दहा-बारा हजार टाकून असे बूट घ्यावे का, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

चाळीसगावला सकाळच्या गाडीने उतरलो, मामेभाऊ मोटरसायकल घेऊन स्टेशनवर उभाच होता. पाटण गावातले त्याच्या ओळखीचे एक नाना वाट दाखवायला येणार होते, साठी ओलांडलेला माणूस, पायात साधे प्लास्टिकचे बूट, मोजे वगैरे काही नाही. देवीचं दर्शन घेतलं. हेमाडपंती देऊळ आहे, दगडातलं कोरीव काम बघत अर्धा तास सहज जातो, आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथं मठ स्थापला त्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेखही इथलाच. आपल्या भागात एवढं मोठं काही आहे आणि शाळेच्या सहली अजूनही दुसरीकडेच जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता बुटांचं. पहिली गाठ पडली ती काळ्या मातीशी. नानांना त्यांच्या शेतावर जरा डोकवायचं होतं म्हणून कपाशीच्या बांधाने गेलो, आणि रात्रभर पाऊस झालेला. ज्याने खान्देशातली काळी जमीन पावसात तुडवली आहे त्याला वेगळं सांगायला नको, ही माती पाणी पिऊन फुगते आणि पायाला जी धरते ती सोडत नाही, दहा पावलांत प्रत्येक बुटाखाली बोटभर जाड थर, वरून त्याला गवत चिकटलेलं. सोलची नक्षी खोल होती, एरवी चांगली गोष्ट, पण या मातीत खोल नक्षी भरून सपाट होते आणि मग ग्रिप नावाला उरत नाही. नानांच्या प्लास्टिकच्या बुटाचा तळ जवळजवळ गुळगुळीत, त्यांना एक झटका दिला की माती खाली. पण लेदरचा फायदा इथंच पहिल्यांदा दिसला, बाजूने चिखल घोट्यापर्यंत आला तरी आत टिपूससुद्धा नाही, आणि बांधावरच्या बोरी-बाभळीचे काटे वरच्या चामड्यावर नुसते ओरखडे काढून गेले. मामेभावाच्या पायात जाळीचे रनिंग शूज होते, त्याला काटा काढायला मध्येच बसावं लागलं.

जंगलात शिरल्यावर केदारकुंडाकडची वाट नदी-नाल्याच्या काठाकाठाने जाते आणि पाणी पुन्हा पुन्हा ओलांडावं लागतं. सुरुवातीचे ओढे घोट्याखालचे. बुटावर पाण्याचे थेंब गोल गोल होऊन घरंगळत होते, उभं राहून बघावंसं वाटावं इतकं छान, आतले मोजे कोरडे ठणठणीत. मग एक पात्र आलं जिथं पाणी लाल, तळ दिसेना. नाना थांबले. म्हणाले, "भाऊ, पानी गुडघालोंग शे, बूट काढी ल्या." मी बूट काढून नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात टाकले आणि पिशवीतल्या सँडल घालून पार झालो. हे मुद्दाम लिहितोय कारण वॉटरप्रूफ बुटाचं खरं कुलूप वरच्या काठाला संपतं, त्याच्यावर पाणी गेलं की मेंब्रेन कितीही भारी असो, पाणी वरून आत येतं आणि मग तेच मेंब्रेन त्याला बाहेर जाऊ देत नाही. जाळीच्या बुटातून पाणी पाच मिनिटांत निथळतं, यात दिवसभर पचपच करत चालावं लागतं. त्यामुळे गुडघाभर पाण्यात बूट काढणं हाच एक उपाय, फक्त अनवाणी जाऊ नका, तळाचे दगड धारदार असतात.

केदारकुंडाजवळ शेवाळलेला काळा पाषाण. इथं मला बूट पक्का वाटला नाही. सोल कडक रबराचा, कोरड्या मुरमावर नि दगडगोट्यांवर तो अप्रतिम, घोटा वळू देत नाही, टोकाला ठेच लागली तरी बोटाला कळत नाही, पण ओल्या शेवाळावर तो सरकतो. खोल नक्षीच्या रबरी सोलची सुरुवात करणारा मिलानचा विताले ब्रामानी, १९३५ साली आल्प्समध्ये त्याचे सहा सोबती गेले आणि पायातल्या बुटांचा त्यात मोठा वाटा होता, त्यानंतर १९३७ मध्ये त्याने तो सोल आणला, म्हणजे ते सगळं डोकं बर्फ आणि डोंगरी खडकासाठी लावलेलं. आपल्या पावसाळी कातळावर मऊ रबर जास्त धरतं, म्हणूनच सह्याद्रीतली जुनी मंडळी अजून ॲक्शनच्या ट्रेकिंग शूजची नावं घेतात. शेवाळ दिसलं की सरळ बसून, हात टेकून उतरायचं.

दुपारी धवलतीर्थाच्या बाजूने चढाला लागलो आणि ऊन पडलं. श्रावणातलं ते ऊन, वर वाफ, खाली वाफ, सागाच्या जंगलात वाऱ्याची झुळूक नाही. तासाभरात पाय आतून ओले वाटायला लागले. वर सपाटीला बसून बूट काढला, मोजा पिळला तर पाणी निघालं, बोटांची कातडी पांढरी सुरकुतलेली. मामेभाऊ म्हणाला, "दादा, फुटला तुमचा वॉटरप्रूफ." पण आत हात घालून बघितलं तर शिलाईच्या कडा आणि नाड्यांखालच्या जिभेची घडी कोरडी, ओल सगळी तळव्याखाली आणि बोटांपाशी. म्हणजे घाम.

हे का होतं ते समजून घेतलं तर पैसे वाचतात. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी तापवलेलं टेफ्लॉन एकदम झटक्याने ताणलं आणि त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला, त्यावरच यातली बरीच वॉटरप्रूफ मेंब्रेनं उभी आहेत. पाण्याचा थेंब त्या छिद्रातून जाऊ शकत नाही, वाफ जाऊ शकते. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि थंड पाहिजे. युरोपात डोंगरावर ते जमतं. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरच हवा वाफेने भरलेली, मग आतली वाफ जाणार कुठे. त्यात वरचं चामडं दोन-तीन तासांनी पाणी प्यायला लागतं, आधी बोटं दुमडतात तिथली घडी काळपट होते, थेंब गोल राहात नाहीत, पसरतात, आणि चामडं एकदा भिजून जड झालं की त्यातून वाफ जायचा उरलासुरला रस्ताही बंद. पाणी आत आलेलं नसतं तरी पाय ओलेच.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: खान्देशात पैसे चामड्याला द्या, मेंब्रेनला नाही. आपल्याकडे पावसाचे दिवस मोजके, उरलेलं वर्ष काटे, गरम दगड आणि फुफाटा, आणि एप्रिल-मेमध्ये जळगावकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा ते मेंब्रेन पायाला नुसतं उकडून काढतं. साधं जाड फुल ग्रेन लेदर, आत मेंब्रेन नसलेलं, त्याला नीट मेण लावलं तर ओढ्याचं, गवतावरच्या दवाचं, घोटाभर चिखलाचं पाणी तेही बराच वेळ अडवतं, आणि भिजलं तरी लवकर सुकतं. घेतांना जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली आहे ना एवढं नक्की बघा, कारण खालची जीभ मोकळी असली की पहिलं पाणी तिथूनच शिरतं. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक, सुती अजिबात नको, आणि एक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी ठेवायचीच. मी वर बसून मोजे बदलले आणि पितळखोऱ्यापर्यंतचा पुढचा रस्ता अगदी आरामात गेला. लेण्यांबद्दल वेगळं लिहीन, ती दोन ओळीत उरकायची गोष्ट नाही.

आणि हो, पाणी आहे की घाम हे घरी तपासायचं असेल तर बुटात वर्तमानपत्राचा कागद कोंबून बूट अर्ध्या बादली पाण्यात काठ वर राहील असा अर्धा तास धरून ठेवायचा. कागद जिथं ओला तिथं गळती. माझे घरी येऊन तपासले, कागद कोरडाच निघाला.

रात्री चाळीसगावला शेवभाजी-भाकरी हाणली, तोंडातून नुसता जाळ, पण दिवसभर भिजल्यावर त्याच्यासारखं काही नाही. खोलीवर आल्यावर बूट धुतले, आधी नळाखाली माती, मग जुन्या दातांच्या ब्रशने शिलाईतली बारीक रेती, कारण ती रेती आत राहिली की चालतांना दोरा कापत राहते. आतला पातळ सोल काढून वेगळा, आत कागद, तो दर दोन तासांनी बदलायचा, आणि बूट पंख्याखाली आडवे. मामेभाऊ म्हणत होता चुलीजवळ ठेवू, सकाळपर्यंत सुकतील, मी ठेवू दिले नाहीत. चामडं आगीजवळ किंवा कडक उन्हात सुकवलं की आक्रसतं, घडीवर तडे जातात आणि सोलचा गोंद सुटतो, मग कितीही मेण लावा. पूर्ण सुकायला दोन दिवस लागले. मग मधमाशीच्या मेणाचं पॉलिश बोटाने चोळून, घडीवर आणि शिलाईवर जास्त, रात्रभर मुरू दिलं, सकाळी थेंब टाकून बघितला तर पुन्हा गोल.

एकच काळजी उरली आहे. उजव्या बुटाच्या टोकाला रबराची जी पट्टी असते ती कोपऱ्यात नखभर सुटली आहे. हे बूट चिकटवलेल्या सोलचे, शिवलेल्या सोलचे असते तर सोल बदलून वर्षानुवर्षं वापरता आले असते, यांना तेवढं आयुष्य नाही. मधला फोमचा थर तर न वापरता कपाटात ठेवला तरी दमट हवेने काही वर्षांत आपोआप भुगा होतो, त्यामुळे जपून ठेवण्यापेक्षा वापरलेले बरे. टॉवरजवळच्या मोच्याने पट्टी बघितली, म्हणाला चिकटवून वरून दोन टाके मारतो. मी टाके नको म्हटलं, टाका मारला की सुई मेंब्रेनला भोक पाडणार. नुसतं चिकटवून दिलंय. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याच्या यात्रेला जायचं ठरतंय, सातपुड्यातला तो सगळा दगडी चढ, पाणी नाही, त्या वाटेला हे बूट बरोबर बसतील असं वाटतंय. तोपर्यंत पट्टी धरली नाही तर दुसऱ्या मोच्याकडे जाईन.