एकतीस सेंटांचं खातं: रिचमंडमधलं मॅगी वॉकर यांचं घर

वॉशिंग्टनहून रेल्वेने व्हर्जिनियातल्या रिचमंडला जाणार असाल तर तिकीट काढतानाच स्टेशनचं नाव नीट बघा. आम्ही स्टेपल्स मिलला उतरलो. ते पडलं शहराबाहेर, त्यामुळे टॅक्सीचा भुर्दंड बसला. मेन स्ट्रीट स्टेशन सोयीचं, पण तिथवर मोजक्याच गाड्या जातात.

सोबत सासूबाई होत्या. गावाकडे त्यांचा बचतगट आहे, म्हणून मुद्दाम बँक काढणाऱ्या मॅगी वॉकर यांचं हे घर निवडलं. रिचमंडच्या जॅक्सन वॉर्ड या भागात, ११०½, ईस्ट ली स्ट्रीट. पत्त्यातल्या त्या अर्ध्यावर त्या खूप हसल्या.

तिकीट नाही, पण घर रेंजरबरोबरच (तिथल्या सरकारी मार्गदर्शकाबरोबर) बघता येतं. वेळा बदलतात, त्या आदल्या दिवशी तपासा. अठ्ठावीस खोल्या, आणि बरंचसं सामान वॉकर कुटुंबाचंच. वॉकरबाईंची आई गुलामीतून सुटलेली, लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. मुलीने १९०३ मध्ये सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. बँक काढून तिची अध्यक्ष झालेली अमेरिकेतली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पहिल्या दिवशी नऊ हजारांवर डॉलर जमा झाले. त्यात एकाने भरले होते फक्त ३१ सेंट! मी हे मराठीत सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं पण एकीनं पहिल्यांदा दहाच रुपये आणले होते. तिचंही पासबुक केलंच की."

१९०४ मध्ये ट्राममध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात झाली, तेव्हा वॉकरबाईंच्या 'सेंट ल्यूक हेरल्ड' या वृत्तपत्राने लोकांना पायी चालायला सांगितलं. त्याच वर्षी ट्राम कंपनीचं दिवाळं निघालं. कारणं आणखीही होती, पण मला हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! वेगळं बसवणं मात्र थांबलं नाही, १९०६ मध्ये तर त्याचा कायदाच झाला.

घराच्या मागच्या बाजूची लिफ्ट चुकवू नका. १९२८ च्या सुमाराला बाई चाकाच्या खुर्चीला खिळल्या, तेव्हा ती बसवून घेतली. कामं चालूच राहिली.

तिथून ब्रॉड आणि ॲडम्स स्ट्रीटच्या चौकात पायी जा, दहाएक मिनिटं लागतात. २०१७ मध्ये बसवलेला त्यांचा दहा फुटी ब्राँझचा पुतळा तिथे आहे. सासूबाईंनी तीनदा फोटो काढायला लावला. त्यांचं म्हणणं एकच, बाईंच्या हातातलं चेकबुक दिसलं पाहिजे.